माशाच्या पिल्लानं पाहिलेलं तळं

फार फार पूर्वी एका नदीवर एकाखाली एक अशी तीन तळी होती. वरच्या तळ्यात कुठूनशी जलपर्णी आली. तिची जांभळी फुलं पाहून सगळे हरखले. पण दोन महिन्यांत पाणीच दिसेनासं झालं. तिथल्या म्हशींनी ती शिंगांनी ढकलून मधल्या तळ्यात लोटली, मधल्या तळ्यातल्या म्हशींनी खालच्या तळ्यात. तरी वर राहिलेल्या मुळांतून ती पुन्हा फुटायचीच.

शेवटी खालच्या तळ्यातली म्हातारी कासवीण आपल्याकडच्या म्हशी घेऊन वर निघाली.

"तुमचं तळं आधी साफ करू," ती म्हणाली.

वरची म्हैस फुरफुरली, "आजी, आधी स्वतःचं बघ की!"

"अगं, तुझं झाल्याशिवाय माझं कसं व्हायचं?"

मग तिन्हीकडच्या म्हशी एकाच पाण्यात उतरल्या. मुळासकट ओढलेली जलपर्णी त्यांनी काठावर उन्हात वाळवली. वरचं झालं, मग मधलं, शेवटी खालचं.

तिथं अंधारातच जन्मलेलं माशाचं एक पिल्लू एकाएकी उजेडात आलं. त्यानं वर पाहिलं. निळं, स्वच्छ, काठच नसलेलं काहीतरी पसरलं होतं.

"आजी," ते हळूच म्हणालं, "एवढं मोठं तळं कुणी गं साफ केलं?"