कातळगडावर जिवंत राहिलेला सरदार

कातळगडाच्या लढाईत सरदार हैबतराव धुमाळ सगळ्या शिबंदीसह कामी आले. त्यांच्या गावात त्या दिवशी आजही चूल पेटत नाही. पण त्यांच्यावरच्या चित्रपटात मारधाडपटांचा नायक रणजय चक्क जिवंत राहिला! "मी पडद्यावर मरत नसतो," असं त्यानं दिग्दर्शकाला बजावलं होतं. काय ही मिजास!

ट्रेलरच्या सोहळ्यात सत्काराला बोलावलेल्या गावच्या सरपंच कुसुमताईंनी भर मंचावर जाब विचारला.

"ताई, इतिहास तुम्ही वाचलाय. मी ती लढाई जगलोय!" रणजय गरजला. शिट्ट्यांचा पाऊस पडला.

"गडावरून आमचं एकही माणूस जिवंत परतलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "मग दादा, तुम्ही पळून आलात की काय?"

सभागृह हास्यानं दणाणलं. रणजयनं घाईघाईनं दिग्दर्शकाचा दंड धरला.

"साहेब, मला मारून टाका!"