सेवणीचा झुबका

"मग हे गवत मेलं कसं, बाबा?"

जेठमलनं विचारलं. समोर काट्यांच्या कुंपणात सेवणीचा झुबका करडा पडला होता, वाळून कोळ.

मिठन फकीर कुंपणाशेजारी वाळूत बसून होते.

सेवण म्हणजे थरच्या वाळवंटातलं गवत. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं हलत नाही. जेठमल चेला व्हायला आला, तेव्हा फकिरांनी एवढंच सांगितलं होतं, "हा झुबका सांभाळ. हिरवा राहिला तर तू माझा चेला. नाही तर आपल्या गावी जा."

जेठमल कामात कसूर न करणारा गडी. त्यानं बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं, डोळ्यांत तेल घालून राखण केली. साधनेत खंड नको म्हणून आपल्या झोपडीभोवतीही तसंच कुंपण घातलं. वस्तीतल्या बाया आजारी लेकरं, घरातली भांडणं घेऊन येत आणि काटे बघून परत जात.

दोन पावसाळे गेले आणि सगळं मुसळ केरात! बाहेर गुरं रोज तोंड घालत, तिथं हिरवी पाती. आत जुन्या काड्यांचा गुंता.

"जे खाल्लं गेलं ते जगलं, आणि मी जपलं ते..." त्याला काही म्हणजे काही कळेना.

फकीर उठले. त्यांनी काटे उचलून बाजूला टाकले. वस्तीतली तांबडी गाय सरळ आत शिरली.

"बाबा! ती खाईल ना!"

"हो."

...

गाईनं झुबका पार बुडख्यापर्यंत आणला. फकिरांनी वाकून उरलेल्या काड्या बोटांनी बाजूला केल्या. वाळूलगत नखाएवढा हिरवा कोंब होता.

जेठमल बघतच राहिला. आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी?

"म्हणजे... मी चेला झालो का?"

फकिरांनी जेठमलच्या झोपडीकडे बोट केलं. एक बाई रडतं पोर कडेवर घेऊन कुंपणापाशी उभी होती.

जेठमल जागचा हलला नाही. "तिला आत घेतलं तर उद्या सगळी वस्ती येईल, बाबा. माझं काही उरणार नाही."

फकिरांनी गाईच्या पाठीवर हात फिरवला.

"गाईचे दात मुळाला लागत नाहीत," ते म्हणाले. "तुझं मूळ किती खोल आहे, जेठा?"