मेंदी नाकारणारा घोडा

जनावरं बोलत होती आणि माणसं ऐकून घेत होती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. वरातीचा एक पांढरा घोडा होता. म्हातारपणी त्याची आयाळ जुन्या धोतरासारखी पिवळी पडली. मालक म्हणाला, "उद्याच्या वरातीत शोभला नाहीस, तर विटा वाहायला लावीन."

घोडा तडक वडावरच्या चंपा माकडिणीकडे गेला. केस रंगवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. धरला की ती चावायची.

"चंपाक्का, आयाळ काळी कर."

"आधी मेंदी लावू, म्हणजे तांबूस होईल. मग त्यावर नीळ."

"मेंदी? मी काय नवरी आहे? नुसती नीळ लाव!"

"अरे दादा, पिवळ्यावर निळं चढलं की हिरवं होतं. मधे तांबडं असलं तरच काळं दिसतं."

"माकडानं घोड्याला शहाणपण शिकवू नये."

चंपाक्कानं शिकवलं नाही. नुसती नीळ लावली.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. आयाळ कोवळ्या मेथीसारखी हिरवीगार. वऱ्हाडी हसले नाहीत, त्यांना जेवायची घाई होती. गल्लीतल्या शेळ्यांनाही होती.

"पाला ताजा आहे गं," एक शेळी म्हणाली.

पाठीवर नवरदेव, त्यामुळे घोड्याला उधळता येईना. मांडव येईपर्यंत शेळ्यांनी आयाळ पार संपवली.

घोडा मान खाली घालून वडाखाली आला. "चुकलो, चंपाक्का. भिजव मेंदी."

चंपाक्कानं त्याची मान नीट न्याहाळली.

"भिजवते की, दादा. पण लावू कुठं?"