टेकडीवरचा कुकर

“सगळं तर घरपोच दिलं, भन्ते. मग सभेला माणूस का येत नाही?”

हर्षदीप ढोकेनं हे विचारलं तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. शुक्रवार होता. टेकडीवरच्या विहारात तो आणि भन्ते तिस्सपाल, दोघंच. बाहेर सावलीत मोती कुत्रा पसरला होता.



हर्षदीप आमच्या टेंभरडोहचा इंजिनिअर. बेचाळीस घरांनी मिळून सौर वीज मंडळी काढली, ती त्याच्या भरवशावर. घरांवर पॅनल, शाळेमागे सगळ्यांची मिळून एक बॅटरी, पिठाची गिरणी, पाण्याचा पंप, सगळं एकमेकांना जोडलेलं. पोरगा हुशार, यात वाद नाही. ते त्यालाही जरा जास्तच ठाऊक.

आधी गिरणी कधी, पंप कुणाचा पहिला, हे आम्ही रोज संध्याकाळी बॅटरीच्या खोलीपाशी बसून ठरवायचो. भांडायचो, चहा प्यायचो, घरी जायचो. मग त्यानं ते मोबाइलवर टाकलं. पाळी आपोआप ठरायला लागली, आणि बरोबर ठरायला लागली. भांडणं संपली. बसणंही संपलं.

मंडळीच्या दोन सभा माणसांअभावी तहकूब झाल्या. तिसरी परवा, रविवारी. तेव्हाही निम्मी घरं आली नाहीत तर मंडळी मोडायची आणि सगळं बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं, असा नियम आम्हीच लिहिलेला.

“मागच्या सभेला मी तीन तास बसलो,” हर्षदीप म्हणाला. “एकटा. सतरंज्या मीच घातल्या, मीच उचलल्या. सगळ्यांसाठी चिवडा नेला होता, तो परत घरी आणला.”

“का आले नसतील?”

“कदर नाही, भन्ते. दुसरं काय.”

“हं...”

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्यानं बघितलं आणि चेहरा खुलला.

“बघा, तुमची खिचडी झाली.”

सोमवारी त्यानं विहारात विजेचा कुकर बसवला होता. ऊन चढून वीज उरायला लागली की तो आपोआप सुरू व्हायचा. रोज सकाळी, भन्ते ध्यानात असताना, हा पाय न वाजवता यायचा, डाळ-तांदूळ आणि पाणी घालून जायचा. त्याआधी रोज एक घर भोजनदानाचा डबा घेऊन वर जायचं. त्यानं सगळ्यांना कळवलं, आता कुणी टेकडी चढायची गरज नाही.

बुधवारी आमच्या घराची पाळी होती. मी गेलो नाही. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं होतं.

“जेवून घ्या, भन्ते. बारा वाजले की तुम्हाला चालत नाही.”

भन्ते जागचे हलले नाहीत.

“मोती कसा दिसतो तुला?”

हर्षदीपनं दाराबाहेर पाहिलं. “जाड झालाय.”

“चार दिवसांत.”

तो हसला. मग हसू थांबलं.

“पण भांडं तर रोज रिकामं असायचं...”

“मोतीला घालून मी घासून ठेवायचो.”

“मग तुम्ही काय खाल्लं?”

“मंगळवारी लाकडं वेचायला पारूबाई आल्या होत्या. त्यांनी दोन केळी हातात ठेवली. गोड होती.”

“भन्ते, मला सांगायचं तरी...”

“मागत नाही आम्ही. दहा दिवस चीवर घालून माझ्याजवळ श्रामणेर होतास. पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?”

हर्षदीपला आठवलं. कुणी हातानं दिल्याशिवाय भिक्खू अन्न घेत नाही. समोर शिजून तयार असलं तरी नाही. आमच्या गावात कुणालाही विचारा, सांगेल. आणि हा विसरला.

“त्रास नको म्हणून केलं मी. कुणालाच त्रास नको म्हणून.”

“ठाऊक आहे मला.”

कुकरवरचा दिवा विझला होता.

“भुकेचं एवढं काही नाही रे,” भन्ते म्हणाले. “सकाळपासून वाटेकडे बघत बसतो. कुणी दिसत नाही. ते फार लागतं मनाला.”

हर्षदीप उठला. झाकण उघडताना बोटं भाजली. पळी सापडेना, ती खिडकीत होती. खिचडी ताटलीत काढली, दोन्ही हातांनी धरून भन्तेंसमोर गुडघ्यांवर बसला.

भन्तेंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

“चार मिनिटांचाच तर प्रश्न आहे, भन्ते. आजच्या दिवस घ्या.”

भन्तेंनी मान हलवली. नाही.

तो ताटली तशीच धरून बसला. डोळे भरून आले होते, हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

“मग उद्या येतो. दहालाच येतो. माझ्या हातानं देतो. रोज येईन, भन्ते, एक दिवस चुकवणार नाही.”

भन्तेंनी रिकाम्या भिक्षापात्रावर झाकण ठेवलं.

“ये. पण एकटा येऊ नकोस.”