गोष्टीतून काढलेला साप

फार वर्षांपूर्वी एका वडाच्या ढोलीत पाखरांचं वाचनालय होतं. तिथे दर सकाळी पिल्लांना गोष्ट सांगायचं ठरलं, आणि साळुंकीबाईंनी सापाची गोष्ट निवडली.

"साप नको हो बाई," पिल्लांच्या आया म्हणाल्या, "पोरं झोपेत दचकतात."

"दचकू देत की! म्हणून तर निवडलीय."

पण ऐकतंय कोण? आयांनी साप काढला आणि त्याच्या जागी आल्या पाहुण्याला टाळ्या वाजवायचा खेळ घातला. साळुंकीबाई रागाने उडून गेल्या.

पहिल्याच सकाळी ढोलीच्या तळातल्या भोकातून लांबलचक, चकचकीत असं कुणीतरी आत आलं. पिल्लांनी सरकून त्याला जागा दिली आणि पंखांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

"ऐका, कशी रमलीत!" बाहेर फांदीवर बसलेल्या आया हरखून म्हणाल्या.

आत टाळ्या एकेक करून कमी होत गेल्या.