नवव्या फुलोऱ्याच्या तीन टाळ्या

पूर्वी सह्याद्रीच्या कुशीतल्या तुंगपूर नगरात जयकेतू राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने राजाच्या वृक्षगणकाच्या घरी जन्म घेतला आणि बापामागे तेच काम पत्करले. त्याचे नाव सुदंत. गेरूचे भांडे, काथ्याची दोरी आणि एक पितळी मुद्रा एवढीच त्याची आयुधे. त्या राज्यात नियम असा होता, की वृक्षगणकाने स्वतः उतार पायाखाली घालून, ‘इथली तोड कोणाच्या जिवावर बेतणार नाही’ असे सांगत मुद्रा उमटवल्याशिवाय डोंगरावर कुऱ्हाड चालवायची नाही. नियम चांगला होता. चांगल्या नियमांचे जे होते, तेच त्याचेही होऊ घातले होते.

नगराच्या डोक्यावर नीलकडा नावाचा उतार होता. त्यावर सागाचे दाट रान आणि त्याच्या बरोबर खाली कुंभारआळी. राजाचा अमात्य अग्रदत्त याच्या मनात आले, की महाराजांसाठी हजार खांबांचे सभागृह उभारावे आणि सगळे खांब नीलकड्यावरून आणावेत. त्याने आळीशेजारी सभागृहाचा चौथराही बांधून घेतला. सुदंताला त्याने बोलावून सांगितले, "मुद्रा उमटव. श्रावण संपायच्या आत तू महावृक्षगणक होशील. पालखीतून हिंडशील." सुदंत म्हणाला, "आधी डोंगर बघून येतो."

नीलकड्यावर कारवट लोक राहत. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यावर शेणामातीचा गिलावा, अशी त्यांची घरे. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, म्हणून हे लोक काळही फुलोऱ्यांनीच मोजत. ज्या वर्षी डोंगर जांभळा होई, त्या वर्षी ते उजळणी करीत. या फुलोऱ्यापासून मागे मागे जात, कुठल्या फुलोऱ्यात वणवा लागला, कधी बांबूला कणसे आली, कधी झरा आटला, कधी गव्यांचा कळप गेला तो परतलाच नाही, हे सगळे गाऊन सांगायचे. कारवटांची उजळणी खोटी नसते, असे नगरातही म्हणत. राजाच्या न्यायसभेत ती शपथेइतकी मानली जाई.

उजळणी सांगण्याचा मान मोरिकेचा होता. वय साठीचे, आवाज खणखणीत, जीभ तिखट. ते वर्ष फुलोऱ्याचेच होते. पाऊस दोन दिवस थांबला होता आणि जांभळ्या उतारावर मधमाश्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. त्यात तिला लाल गेरूचे पट्टे दिसले. ती काठी घेऊन तरातरा खाली उतरली.

"ए गेरूवाल्या! झाडाला कुंकू लावतोस, मग लग्नही लाव की त्याच्याशी!"

सुदंताबरोबरचे गडी फिदीफिदी हसले. तो मात्र हात जोडून म्हणाला, "माई, ही नुसती मोजणी आहे. मी अजून काही ठरवलेले नाही."

"तू ठरवायच्या आधीच वरची पट्टी बोडकी झाली की रे!"

"कोणी तोडली?"

"तुझ्या अमात्याने. मुद्रा मागाहून येईल म्हणाला."

सुदंताने भांडे खाली ठेवले. तो चढू लागला. मोरिकाही मागोमाग निघाली. भांडण अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती.

वर तीनशे सागांचे बुंधे उघडे पडले होते. आता हा खांब मोजणार, असे तिला वाटले. पण सुदंत एका बुंध्यापाशी गुडघे टेकून बसला आणि सागाची वर्षावर्षाची वर्तुळे बोटाने मोजू लागला. एकसष्ट. दुसरा बुंधा, एकसष्ट. तिसरा, साठ. तो धावत पंधराव्यापर्यंत गेला. मग उभ्या झाडांकडे वळून ओरडला, "माई, इकडे बघा! प्रत्येक साग बुडाशी विळ्यासारखा वाकलेला आहे आणि मग सरळ वर गेला आहे. रोप असताना जमीन पायाखालून सरकली, तरच झाड असे वाढते. पलीकडच्या कड्यावर तिघांच्या कवेत न मावणारे वृक्ष आहेत. इथे सगळे एका वयाचे! बासष्ट-त्रेसष्ट वर्षांपूर्वी या उतारावर काय झाले?"

"काहीसुद्धा नाही."

"काहीतरी झालेच असणार."

"झालं असतं तर उजळणीत असतं. आमच्या उजळणीत पडलेल्या फांदीची गोष्ट आहे, पडलेला डोंगर नसेल होय? ऐक!"

ती खडकावर चढली आणि भर दुपारी तिने सूर लावला. मागे मागे जात सात वर्षांपूर्वीचा पहिला फुलोरा, मग दुसरा, तिसरा. पाचव्यात वणवा, सातव्यात वाघीण. आठवा संपला. मग तिने तीन वेळा टाळ्या वाजवल्या आणि दहाव्याला सुरुवात केली.

"थांबा," सुदंत म्हणाला. "नववा कुठे आहे?"

"या टाळ्या म्हणजे नववा."

"टाळ्यांत काय आहे?"

"टाळ्यांत काय असतं? टाळ्या!" ती चिडली. "आजीने अशाच शिकवल्या. तिथे बोलायचं नसतं."

"नऊ फुलोरे," सुदंत हळू आवाजात म्हणाला. "नऊ साते त्रेसष्ट."

मोरिकेला आजी आठवली. सगळी उजळणी कोरड्या डोळ्यांनी सांगणारी ती कणखर बाई. तीन टाळ्या वाजवताना मात्र तिचे डोळे भरून येत, आणि पोरीबाळींनी कारण विचारले की ती धूर डोळ्यांत गेला म्हणे. उजळणी तर उघड्यावर व्हायची. तिथे धूर कुठला?

"ओढ्यात चल, तिथे डोंगराचं पोट उघडं पडलंय," ती म्हणाली.

उताराच्या पायथ्याशी ओढ्याने काठ कापून काढला होता. पुरुषभर उंचीच्या त्या काठात मोठमोठे दगड मातीत वेडेवाकडे रुतले होते आणि त्यांच्याखाली काळे पडलेले लाकडाचे ओंडके होते, मुळे वर आणि शेंडे खाली. सुदंताचे गडी पहारीने माती उकरू लागले. ओंडक्याखालून आधी खापरे निघाली, मग जळक्या कारवीच्या काठ्या, आणि मग एका जात्याची तळी. मोरिकेने ती ओढ्याच्या पाण्याने धुतली. कारवट घराण्यांची रीत होती, की जात्यावर आपली खूण कोरायची. या तळीवर सूर्य होता आणि त्याखाली तीन रेघा.

तिच्या स्वतःच्या घरच्या जात्यावरही हीच खूण होती.

इथे गाव होते. तिचे गाव. आणि तळीशेजारी मातीत गंजलेल्या कुऱ्हाडींची जुडी पडली होती. नाचणीसाठी उतार साफ करणाऱ्या कुऱ्हाडी, कारवटांच्याच. त्यांनीच रान तोडले, डोंगर सुटला, गाव गाडले गेले. जे वाचले त्यांना ते तोंडाने सांगवेना, म्हणून त्यांनी त्या जागी टाळ्या ठेवल्या.

"जन्मभर मी दुसऱ्यांना खोटारडे म्हणत आले," मोरिका म्हणाली, "आणि खोटं माझ्याच तळहातात होतं रे, दादा."

"खोटे नाही, माई. दुखणे होते," सुदंत म्हणाला. "पण आता वर तीनशे मुळे कुजायला लागली आहेत आणि खाली कुंभारआळी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पुन्हा कोसळू लागला. न्यायसभा भरली, मोरिकाही सुदंताबरोबर आली. डोंगरातल्या ओढ्याचे पाणी दगडी पाटाने थेट सभामंडपात आणलेले होते आणि ते झुळझुळत राजासमोरून जाई. सुदंताने आपली मुद्रा राजाच्या पायाशी ठेवली आणि पाहिले ते सगळे सांगितले. "महाराज, तोड थांबवा आणि कुंभारआळी आजच्या आज रिकामी करा."

अग्रदत्त हसला. "वाकडी झाडे बघून याला डोंगर पळताना दिसतो! महाराज, एवढा डोंगर पडला असता, तर तो कारवटांच्या उजळणीत नसता का? ही थेरडी इथे उभीच आहे. सांगू दे तिला. उजळणीत डोंगर पडला असेल, तर मी कुऱ्हाडी ओढ्यात टाकीन. आणि महाराजांचा कायदाही तिला ठाऊक असू दे. जो उतार उजाड करून खाली आणील, त्याच्या कुळाचा डोंगरावरचा हक्क संपला!"

मोरिकेला पेच कळला. गप्प राहावे तर आळी गाडली जाणार. बोलावे तर पोरेबाळे, मध, घरे, सगळा डोंगर जाणार. तिने सुदंताकडे पाहिले. बोल, असे तो म्हणाला नाही. तो राजाला म्हणाला, "महाराज, हिला बोलायला लावू नका. त्या खुणा मी वाचल्या. माझा शब्द खोटा ठरला तर हे हात तोडा. पण आळी आधी रिकामी करा."

"हात तोडले, तर झाडे काय पायांनी मोजशील?" अग्रदत्त म्हणाला आणि सभा हसली.

ते हसणे मोरिकेला झोंबले. हा परका माणूस आपले हात द्यायला निघाला आहे, आणि मी माझ्याच आजीचा हुंदका गिळून उभी! तिने काठी बाजूला टाकली आणि आठव्या फुलोऱ्यापासून सूर धरला. आठवा संपला. टाळ्यांची जागा आली. सभेत बसलेले चार म्हातारे कारवट सवयीने टाळीसाठी हात उचलू लागले.

"खाली घ्या हात!" ती गरजली आणि पुढे गाऊ लागली. ही ओळ त्रेसष्ट वर्षांत कोणी गायली नव्हती.

*नवव्या फुलोऱ्यात आम्ही कुऱ्हाड लावली,*
*आमच्याच हातांनी, आमच्याच डोंगराला.*
*डोंगर आला घरात, जाते राहिले खाली,*
*दळणारीचे नाव आम्ही टाळीत पुरले.*

सभा चिडीचूप झाली. आणि त्या शांततेत मोरिकेला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, पण आत पाण्याचा आवाज नव्हता. तिने पाटाकडे पाहिले. पाट कोरडा पडत चालला होता.

"दादा! पाणी!"

सुदंत एका उडीत पाटापाशी गेला. "एवढ्या पावसात ओढा आटला! वर माती सुटून पाणी अडले आहे. महाराज, वेळ नाही!"

मग कोण राजा आणि कोण कुंभार, काही उरले नाही. जयकेतूने स्वतः नगारा बडवला. मोरिका कुंभारआळीतून ओरडत धावली, "मडकी ठेवा! चाक ठेवा! माणसं घ्या!" एक कुंभारीण भट्टी सोडेना, तेव्हा मोरिकेने तिच्या पदराला धरून तिला फरफटत नेले. "भट्टी पुन्हा रचशील गं, तुला पुन्हा कोण रचणार?" माणसे, शेळ्या, गाढवे, सगळे पलीकडच्या जुन्या रानाच्या टेकडीवर चढले. अग्रदत्त मात्र चौथऱ्याकडे पळाला. तिथे त्याचे तीनशे साग रचून ठेवले होते आणि ओंडके हलवा म्हणून तो ओरडत होता, पण ऐकायला कोणी नव्हते. सुदंत मागे फिरला. त्याने अमात्याला कमरेत धरून खांद्यावर टाकले आणि तो चढणीला लागला. अमात्य त्याच्या पाठीवर बुक्के मारीत होता.

वर बोडक्या पट्टीपाशी डोंगर फाटला. आवाज आधी आला. मग झाडे उभीच्या उभी चालत खाली आली, जणू मिरवणूक निघाली. चौथरा गेला, ओंडके गेले, सगळी कुंभारआळी गेली. टेकडीवर डोकी मोजली गेली. एकही कमी नव्हते.

चिखलाने माखलेल्या राजाने अग्रदत्ताकडे पाहिले. "जो उतार उजाड करील, त्याच्या कुळाचा हक्क संपला. हेच म्हणाला होतास ना?"

सुदंत म्हणाला, "महाराज, हाच कायदा या माईच्या कुळालाही लागेल. लावायचा तर दोघांना लावा. त्यापेक्षा ज्याने उतार तोडला त्याने तो पुन्हा लावावा, आणि लावताना का लावतो ते मोठ्याने सांगावे."

राजाने ते मान्य केले. अग्रदत्ताने उरलेले आयुष्य नीलकड्यावर सागाची रोपे लावण्यात घालवले, आणि शेजारी उभी राहून ‘खोल खण, खोल!’ म्हणणारी मोरिकाच होती. पुढल्या फुलोऱ्याला कारवटांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

भगवान शास्त्यांनी आपल्या भिक्षूंना ही कथा सांगितली, तेव्हा ते एका डोंगरावरच्या विहारात राहत होते. बांधकाम पाहणाऱ्या पुष्कर भिक्षूने नव्या कोठीसाठी विहारामागचा उतार तोडायला काढला होता. माळीण असलेली कुवलया नावाची उपासिका कुऱ्हाडीसमोर आडवी पडली होती, आणि कोठीसाठी दान देणारा श्रेष्ठी धनपाल ‘दोघांचे मिटू दे’ म्हणून गप्प बसला होता. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा अग्रदत्त हा आजचा पुष्कर. मोरिका ही कुवलया. जयकेतू हा धनपाल. आणि वृक्षगणक सुदंत मीच होतो."

पुष्कराने कुऱ्हाड खाली ठेवली. त्याने विचारले, "भगवन्, आणि ज्यांनी पहिल्यांदा त्या टाळ्या वाजवल्या, ते आज कोण आहेत?"

शास्त्यांनी सभेवरून एकदा नजर फिरवली.

"जे सांगवत नाही ते टाळीत पुरणारे आपण सगळेच आहोत," ते म्हणाले.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पूर्ण केली, ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.