थोरल्याचं की धाकल्याचं?

"बाबा, क्षेपणास्त्र कुणाचं होतं, तेवढं एकदा सांगून टाका. थोरल्याचं की धाकल्याचं?"

गफूरशाह फकिरांनी कुदळ थांबवली नाही. कबरस्तानात कंबरेइतक्या खड्ड्यात उभे राहून ते खोदत होते. वय ऐंशीला टेकलेलं, दात चार, आणि माती मात्र भसाभस वर येत होती.

खड्डा निसारसाठी होता. खाडीकाठच्या त्याच गावचा पोर, तेलाच्या जहाजावर खलाशी. दूरच्या सामुद्रधुनीत दोन महासत्ता एकमेकींवर आग ओकत होत्या आणि निसारचं जहाज मधून चाललं होतं. काल दुपारी तो गावी आला. पेटीतून. पेटी सीलबंद, उघडायची नाही अशी ताकीद.

काठावर उभे होते ते कासम मुकादम सर. निवृत्त भूगोल शिक्षक. लहानपणी याच फकिराकडे सबक घेतलेला. पण आता सरांना जगाचा नकाशा असा पाठ होता, की पृथ्वी सकाळी सरांना विचारूनच फिरायला निघते, असं लोक म्हणत.

महासत्तांची नावं घेताना गावाची जीभ अडखळायची. म्हणून गावानं त्यांना थोरला आणि धाकला करून टाकलं होतं. चहाच्या हॉटेलात दोन बाकं. एक थोरल्याच्या लोकांचं, एक धाकल्याच्या; सर या दुसऱ्या बाकावरचे. खोटं सांगत नाही, हॉटेलातलं मांजरसुद्धा धाकल्याच्याच बाकाखाली बसायचं.

"तू का खोदत नाहीस म्हणून नाही विचारत," बाबा म्हणाले. "दाऊद कुठाय? कबर खोदणं त्याचं काम."

"दाऊद थोरल्याचा माणूस. धाकल्यानं माफी मागेपर्यंत कुदळ उचलणार नाही म्हणतो."

"बरं."

"जनाजा फाटकातच अडलाय, बाबा."

"कशावर?"

"खांद्यावर." सर खाली वाकले. "रीत तुम्हीच शिकवलीत. प्रत्येकानं चारही कोपऱ्यांना खांदा द्यायचा, दहा-दहा पावलं. आम्ही तोडगा काढला होता. उजवी बाजू त्यांची, डावी आमची. पण दहा पावलांनी कोपरा बदलायचा, म्हणजे आमचा माणूस त्यांच्यात जाणार आणि त्यांचा आमच्यात. तिथं परकारांचा लतीफ बिथरला. म्हणाला, निसारला ज्यांनी मारलं त्यांच्या भाटांच्या खांद्याला खांदा लावणार नाही."

"आणि तू काय म्हणालास?"

"मीही तेच म्हणालो. फक्त... उलटं."

बाबांनी मातीचं एक घमेलं वर सारलं.

"बॅनर पण दोन छापून आलेत," सर म्हणाले. "एकावर थोरल्याचा निषेध, दुसऱ्यावर धाकल्याचा. फोटो निसारचा, तोच. ग्रामपंचायतीनं ठराव करून दोघांनाही धाडलाय."

"उत्तर आलं?"

"अजून नाही."

"येईल. घाईत असतील."

सरांना हे लागलं. "थट्टा नको, बाबा. काल दुपारपासून मय्यत पडून आहे. तुमचा शब्द गाव मोडत नाही. एक नाव घ्या, ज्यांचं चुकलं ते मागे राहतील, बाकीचे उचलतील. तासाभरात दफन."

बाबांनी आभाळाकडे पाहिलं.

"पेटीवर ऊन आलंय. सावलीत ओढ."

फाटकाजवळच्या पत्र्याखाली पेटी होती. सावली तिला सोडून बाजूला सरकली होती.

"मी? एकटा?" सर हसले. "अहो, निसार सहा फुटी गडी. कबड्डीत तिघांना अंगावर घेऊन रेषेवर यायचा. चार माणसं लागतील."

"चार कुठून आणू? आत्ताच तर तू हिशेब सांगितलास."

सर पेटीपाशी गेले. चप्पल काढली. पाय रोवले. दोन्ही हातांनी एक टोक धरलं, दम कोंडला आणि सगळ्या ताकदीनं उचललं.

टोक असं झर्रकन वर आलं, की सर पाठीमागे धाडकन बसले.

पेटीच्या आत काहीतरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकलं.

एवढंसं.

...

खड्ड्यातली कुदळ थांबली होती.

"पेटीवर चिकटवलेला कागद वाचला नव्हतास?" खड्ड्यातून आवाज आला.

"वाचला होता... शिक्का कुठल्या देशाचा, ते बघत होतो."

"वजन?"

सरांनी कागदावर बोट फिरवलं. एका ओळीवर ते थांबलं. आकडा त्यांनी उच्चारला नाही.

"बाबा... ते चार खांदे..."

"कशाला? त्या दोघांनी तुमची सोय करून दिलीय. एकाला झेपेल."

सरांनी चेहरा ओंजळीत घेतला. खांदे गदगदत होते. मग एकदम काहीतरी आठवून ते धडपडत उठले आणि खड्ड्याकडे धावले.

"बाबा, त्याची आई! रहिमतबी! ती घरी वाट बघत बसलीय, पोराला सगळं गाव खांदा देणार म्हणून. तिला यातलं काही कळता कामा नये. मी जातो, काहीतरी सांगतो तिला. पण काय सांगू?"

बाबांनी कुदळ पुन्हा उचलली.

"काल इथं फाटकाशी गाडी आली तेव्हा तुम्ही सगळे बाकांवर होतात, कासम. पेटी तिनंच उतरवून घेतली. एकटीनं."